नाराच्या चिखलाने जपलेला राजवाडा

[आकाशातून : गवताचं मैदान, त्यातून जाणारी आगगाडी]

ओसाकाहून नाराला येणारी आगगाडी शेवटच्या टप्प्यात एका मोकळ्या मैदानातून जाते. आजूबाजूला दाट वस्ती, दुकानं, कचेऱ्या, आणि मधोमध ही एवढी जागा रिकामी. उजव्या खिडकीतून शेंदरी खांबांचा एक दरवाजा दिसतो. डाव्या खिडकीतून लांबवर त्याच रंगाची एक प्रचंड इमारत. बघेपर्यंत गाडी पुढे निघून जाते.

हे हेइजो. इसवी सन ७१० पासून ७८४ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, जपानच्या सम्राटांचा राजवाडा इथे होता. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, आणि पूर्वेला वाढवलेला एक तुकडा. भोवती माती थरांनी ठोकून उभारलेली उंच भिंत आणि तिच्यात बारा दरवाजे. राजवाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दगडी तट, बुरूज, पडक्या कमानी येतात. तसं इथे काहीही उभं राहिलं नाही. जे उरलं ते सगळं या गवताच्या खाली आहे.

[सुझाकुमोन दरवाजा, खालून वर जाणारा कॅमेरा]

दक्षिणेचा हा महादरवाजा, सुझाकुमोन. उंची सुमारे २२ मीटर. आज दिसतो तो १९९८ साली पूर्ण झाला, पण जुन्या दरवाज्याच्याच जागेवर. सम्राज्ञी गेनमेइ हिने ७१० मध्ये फुजिवारा-क्यो इथली राजधानी हलवून इथे आणली. चीनच्या तांग राजवटीची राजधानी छांगआन हा तिच्यापुढचा नमुना होता. सरळ रस्ते, चौकोनी पेठा, उत्तर टोकाला राजवाडा. या दरवाज्यापासून दक्षिणेला निघणारा सुझाकु महामार्ग तब्बल ७४ मीटर रुंद होता.

[दरवाज्यासमोरचं पटांगण]

एवढ्या रुंद रस्त्यावर काय होत असेल? परदेशी वकिलाती येत, सैनिकांच्या रांगा लागत. ७३४ साली याच दरवाज्यासमोर गाण्यांचा मोठा मेळा भरला. २४० हून अधिक स्त्री-पुरुष गायला उभे होते. सम्राट शोमू दरवाज्यातून बघत होता, आणि सामान्य नागरिकांनाही बघायला मुभा होती. त्या काळच्या राजदरबारी इतिहासात ही नोंद आहे. शांत वाटणारं हे पटांगण त्या दिवशी माणसांनी फुलून गेलं असेल.

[दाइगोकुदेन, रुंद दृश्य, मग छताचे बारकावे, खांब]

आणि ही डाव्या खिडकीतली इमारत. दाइगोकुदेन, मुख्य सभागृह. सम्राटाचा राज्याभिषेक, नववर्षाचा दरबार, परदेशी दूतांचं स्वागत, हे सगळं इथे. ४४ मीटर रुंद, २० मीटर खोल, २७ मीटर उंच. प्रत्येकी सुमारे ७० सेंटीमीटर जाडीचे ४४ खांब. छपरावर जवळजवळ एक लाख कौलं. राजधानीच्या स्थापनेला १३०० वर्षं झाली त्या वर्षी, २०१० मध्ये, ही पुनर्रचना लोकांसाठी खुली झाली.

[जोत्याच्या पायऱ्या]

मूळ इमारत कशी होती हे ठरवायला तज्ज्ञांना फार लांबून पुरावे गोळा करावे लागले. ७४० साली सम्राट शोमूने राजधानी कुनी इथे हलवली आणि हे सभागृह उचलून सोबत नेलं. खांब, तुळया, कौलं, सगळं सुटं करून तिकडे पुन्हा उभं केलं. कुनीमध्ये त्याच्या जोत्याचे अवशेष सापडले आणि त्यावरून खांबांमधली अंतरं कळली. वरच्या भागासाठी होर्यू-जी विहाराचं सुवर्णगृह आणि याकुशी-जी विहाराचा पूर्व मनोरा या प्राचीन वास्तूंचा आधार घेतला. शोमू ७४५ मध्ये परतला तेव्हा त्याने जुन्या जागेच्या पूर्वेला नवं सभागृह बांधलं. म्हणून या मैदानात दाइगोकुदेनच्या दोन जागा आहेत, पहिली आणि दुसरी.

इमारत देखणी आहे, कसबी हातांनी घडवलेली आहे. आलेले बहुतेक लोक इथेच फोटो काढतात आणि परत जातात. आम्ही तुम्हाला थोडं पुढे नेणार आहोत.

[दुसऱ्या सभागृहाचं जोतं, गोल कापलेली झुडपं, रांगेत]

ही झुडपं पाहा. रांगेने लावलेली आणि कातरून गोल दंडगोल केलेली. प्रत्येक झुडूप म्हणजे एका खांबाची जागा. खाली खोदकामात जिथे खांबाचा खड्डा सापडला, बरोबर त्याच्या वर ते लावलं आहे. भिंत कुठे होती, दालन कुठे संपत होतं, हे तुम्ही या झुडपांमधून चालत समजून घेऊ शकता. नव्या इमारतीपेक्षा मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. जमिनीत सापडलं तेवढंच ती दाखवते.

[भातखाचरांची जुनी छायाचित्रं]

७८४ साली सम्राट कान्मुने राजधानी नागाओकाला हलवली आणि दहा वर्षांनी क्योतोला. इथल्या इमारती सुट्या करून नेण्यात आल्या. खांब उपटले, कौलं गोळा केली. नंतर एक माजी सम्राट काही वर्षं इथे येऊन राहिला, तेवढंच. ८६४ सालची नोंद सांगते की जुन्या राजधानीचे रस्ते आता शेतं झाले आहेत. त्यानंतर हजार वर्षं इथे भात पिकला.

[बांधावरून चालणारा कॅमेरा, जुना नकाशा]

राजवाडा नक्की कुठे होता हे पुन्हा शोधायला सुरुवात केली किताउरा सादामासा यांनी. शेतांचे बांध, पायवाटा, पाण्याचे पाट हे सगळं पायी फिरून मोजत त्यांनी जुन्या राजधानीची रचना ओळखली आणि १८५२ मध्ये राजवाड्याचा नकाशा काढला. पुढे १८९९ मध्ये वास्तुतज्ज्ञ सेकिनो तादाशी यांनी भातखाचरांच्या मधला एक गवताळ उंचवटा पाहिला आणि तो दुसऱ्या दाइगोकुदेनचं जोतं असल्याचं ओळखलं. १९०७ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला.

पण अभ्यास छापून आला म्हणून जमीन वाचत नाही.

[सुझाकुमोनजवळचा पुतळा, जवळून : हातातलं कौल, दाखवणारा हात]

महादरवाज्याजवळ हा पुतळा आहे. एका हातात जुनं कौल, दुसरा हात उत्तरेकडे, दाइगोकुदेनच्या दिशेने. हे तानादा काजुरो. जन्म १८६०, धंद्याने माळी.

नारा उद्यानात ते झाडं लावायचे, निगा राखायचे. बाहेरगावचे लोक येऊन विचारत, इथे राजधानी होती म्हणतात, राजवाडा कुठे होता हो? त्यांना ते सांगता येईना. सेकिनो यांच्या शोधाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रातून गाजत होती. तानादा स्वतः ती जागा पाहायला गेले. जिथे सम्राटाचं सिंहासन असायचं त्या उंचवट्यावर शेणाचे ढीग रचलेले होते, असं सांगतात. ते पाहिल्यावर या माणसाला चैन पडेना.

[पुतळ्याचा चेहरा, मागे आगगाडी]

त्यांच्याकडे ना पदवी ना पैसा. गावातले मिझोबे बुन्शिरो यांच्यासारखे शेतकरी सोबत होते. १९०१ मध्ये गावकऱ्यांनी दाइगोकुदेनच्या जागेवर लाकडी खूण उभारली. आधी इथे देऊळ बांधायचा बेत झाला, तो पैशांअभावी फसला. तानादांनी झाडांचा धंदा बाजूला ठेवला. मोठ्या माणसांचे उंबरे झिजवले, तोक्योला चकरा मारल्या, घरचं होतं नव्हतं ते या कामात घातलं. १९१३ मध्ये तोकुगावा घराण्यातल्या एका सरदाराच्या अध्यक्षतेखाली जागेच्या जतनासाठी मंडळ स्थापन झालं आणि देणग्यांतून शेतं विकत घ्यायला सुरुवात झाली. दरम्यान १९१४ मध्ये आगगाडीचे रूळ पडले होते, याच मैदानातून.

जमिनीच्या व्यवहारात पुढे गुंतागुंत झाली. त्याचा दोष तानादांनी स्वतःवर घेतला आणि १९२१ साली आयुष्य संपवलं. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली.

[पुतळ्यासमोरून जाणाऱ्या शाळकरी मुलांची रांग]

जपानच्या इतिहासात या राजवाड्यात राहिलेल्या प्रत्येक सम्राटाचं नाव नोंदलेलं आहे. तो शिल्लक कुणामुळे राहिला, याचं उत्तर मात्र या कौल धरलेल्या माळ्यापाशी आहे, आणि म्हणून आमचा कॅमेरा इथे जास्त वेळ थांबला.

[खोदकामाचे चौकोन, निळी प्लास्टिकची आच्छादनं, मातीवरून खोरं ओढणारी माणसं]

आता जमिनीच्या आत. १९५२ मध्ये नारा इथे सांस्कृतिक वारशाची राष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली, आणि १९५९ पासून इथलं उत्खनन पद्धतशीरपणे चालू आहे. आजही चालू आहे.

काम कसं चालतं ते पाहा. वरची शेताची माती काढली की खाली आठव्या शतकाची जमीन लागते. लांब दांड्याच्या खोऱ्याने ती पातळ खरवडतात. खरवडता खरवडता मातीत रंगांचे डाग दिसू लागतात. पिवळसर जमिनीत एक गडद चौकोन दिसला, तर तो खांब पुरण्यासाठी खणलेला खड्डा. त्या चौकोनात आणखी एक वेगळा, वेडावाकडा डाग असला, तर राजधानी हलवताना खांब उपटून काढला त्याची ती खूण. असे खड्डे एका ओळीत आले की भिंत सापडते, भिंती जुळल्या की दालन. एकाच जागी दोन-तीन खड्डे एकमेकांना कापत असतील, तर कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे मातीच्या कडांवरून ठरवतात. सगळं मोजून, चित्र काढून, छायाचित्रं घेऊन झालं की खड्डे पुन्हा मातीने भरतात. उघडं ठेवलं तर ते टिकणार नाही. काही मोजक्या अवशेषांवर छप्पर घालून त्यांचं दालन केलं आहे, तिथे हे खड्डे जसे निघाले तसे बघायला मिळतात.

[पाण्याच्या ट्रेमधली लाकडी पट्टी; त्यावरची शाई]

आणि हा या जमिनीचा खरा खजिना. मोक्कान, म्हणजे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या.

आठव्या शतकात कागद महाग होता. मोठमोठे हिशेब, कायदे, सूत्रं कागदावर, आणि रोजच्या कामाचं लिखाण लाकडाच्या पातळ पट्टीवर. कुठल्या प्रांतातून किती मीठ आलं, किती सुका मासा, किती समुद्री शेवाळ, ते पट्टीवर लिहून ती मालाला बांधायची. दोरी बसावी म्हणून पट्टीच्या टोकाला खाचा. काम झालं की सुरीने वरचा थर तासायचा आणि कोऱ्या झालेल्या लाकडावर पुन्हा लिहायचं. तासून पडलेल्या ढलप्यांवरही अक्षरं राहिली आहेत, आणि इथे सापडलेल्या मोक्कानमध्ये या ढलप्यांचाच भरणा मोठा आहे. कारकुनांनी एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेल्या पट्ट्याही आहेत. त्या फार जिवंत वाटतात.

[पहिल्या पट्टीची प्रतिकृती]

जानेवारी १९६१. राजवाड्याच्या मुदपाकखान्याची कचेरी असावी अशा भागात कचऱ्याचा एक जुना खड्डा खणत असताना चाळीसेक पट्ट्या निघाल्या. त्यांतल्या जिला पहिला क्रमांक मिळाला तिच्यावर सामानाची मागणी आहे. एक ‘तो’ (हे त्या काळचं माप) अझुकी, म्हणजे लाल कडधान्य. दीड ‘तो’ हिशिओ, म्हणजे आजच्या सोया सॉसचा पूर्वज. शिवाय व्हिनेगर आणि मिसोसारखा आंबवलेला पदार्थ. एका मठातून राजवाड्यातल्या त्सुकुबा नावाच्या मानकरी स्त्रीच्या नावे ही मागणी आली आहे. तारीख, तिसऱ्या महिन्याची सहावी.

७६२ साली माजी सम्राज्ञी कोकेन हिचं तेव्हाच्या सम्राटाशी बिनसलं आणि ती राजवाड्याला लागून असलेल्या होक्के-जी मठात राहायला गेली. अभ्यासक या चिठ्ठीचा संबंध त्या मुक्कामाशी जोडतात. दरबारी इतिहासात या भांडणाचं राजकारण आहे. तिच्या स्वयंपाकघरात काय संपलं होतं ते कळतं कचऱ्याच्या खड्ड्यातून.

[अवरक्त छायाचित्र : काळ्या लाकडावर उमटलेली अक्षरं]

ही दुसरी पट्टी १९६६ मध्ये निघाली. शाई इतकी पुसट की नीट वाचता येत नव्हती. अवरक्त किरणांनी छायाचित्र घेतल्यावर २०१६ मध्ये नाव वाचलं गेलं : हाशी नो कियोमिची. ७६५ सालातली ही नोंद, अधिकारी घडवणाऱ्या विद्यालयातल्या रात्रपाळीसंबंधी. या नावावरून हा अधिकारी पर्शियन वंशाचा असावा असं अभ्यासक मानतात. इराणपासून इतक्या दूर जपानच्या सरकारी कचेरीत रात्री जागणारा माणूस.

भारतातूनही माणसं येत होती. बोधिसेन हा भिक्षू ७३६ मध्ये इथे पोहोचला. ७५२ मध्ये तोदाइ-जी विहारातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी झाला तेव्हा कुंचला त्याच्या हातात होता. दाइगोकुदेनच्या ओट्यावरून पूर्वेला पाहिलं की त्या तोदाइ-जीचं छप्पर दिसतं.

[ओट्यावरून पूर्वेचे डोंगर, तोदाइ-जीचं छप्पर]

हे लाकूड टिकलं कसं? या खोऱ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ आहे. पाण्याने भरलेल्या चिखलात हवा पोहोचत नाही आणि हवेअभावी कुजण्याची क्रिया मंदावते. बाहेर काढलेली पट्टी वाळू दिली तर आक्रसते, वाकते, हातात उरत नाही. म्हणून ती निघाल्याबरोबर पाण्यात जाते, अक्षरं वाचून झाल्यावरही पाण्यातच राहते. मग वर्षानुवर्षांच्या प्रक्रियेने लाकडातल्या पाण्याची जागा टिकाऊ द्रव्याला दिली जाते. इथल्या तीन हजारांहून अधिक मोक्कानना २०१७ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. सोन्यारुप्याला, मूर्तींना मिळतो तो दर्जा तासलेल्या लाकडाला मिळाला याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

[पश्चिमेकडचा भाग, गवत, मागे वस्ती]

पहिल्या मोक्कान निघाल्या त्याच सुमारास हा पश्चिमेचा भाग जाणार होता. इथे आगगाड्यांची डेपो-यार्ड बांधण्याचा बेत होता, कारण संरक्षित हद्द इथवर येत नव्हती. देशभरातून विरोध झाला. सह्या गोळा झाल्या, अभ्यासक रस्त्यावर आले, आणि १९६३ पासून सरकारने राजवाड्याची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. ज्यांची खाचरं होती त्यांनी ती दिली आणि ते बाहेर पडले.

[पूर्वेची बाग : तळं, गोटे, लाकडी पूल]

पूर्वेलाही असंच. महामार्गाचा रस्ता इकडून जायचा होता. आधी खणून पाहिलं तर राजवाडा समजला होता त्याहून पूर्वेला वाढलेला निघाला, आणि १९६७ मध्ये ही बाग सापडली. वळणावळणाचं तळं, काठावर पसरलेले गोटे, पाण्यात उतरणारे खडक. रस्ता बाजूला हलवला गेला. बाग आज पुन्हा उभी आहे. सम्राज्ञीच्या मेजवान्या जिथे होत त्या पाण्यात बगळे उतरतात.

[शहरातला चौक, मोठी इमारत]

सगळीकडे असं झालं नाही. राजवाड्याच्या दक्षिणेला, हद्दीबाहेर, १९८८ मध्ये राजपुत्र नागाया याचा वाडा सापडला, सुमारे ३५ हजार मोक्कानसह. बर्फ साठवण्याच्या नोंदी, दुधाच्या नोंदी, पाळलेल्या क्रौंच पक्ष्यांना आणि कुत्र्यांना दिलेल्या तांदळाच्या नोंदी. ७२९ मध्ये बंडाच्या आरोपावरून ज्याला मरण पत्करावं लागलं, त्याच्या घरातला दिवसन् दिवस. जागेवर ठरलेलं डिपार्टमेंट स्टोअर बांधलं गेलं.

[तोशोदाइ-जी, व्याख्यानगृह]

एकच इमारत जमिनीवर उरली. राजवाड्यातलं पूर्वेचं हे दालन, जिथे अधिकारी दरबारापूर्वी जमायचे, आठव्या शतकातच तोशोदाइ-जी विहाराला दिलं गेलं. तिथे ते व्याख्यानगृह म्हणून उभं आहे. छपराचा घाट नंतर बदलला. आत मात्र मूळ राजवाड्याचं लाकूड आहे.

[संध्याकाळ, बोरूचं रान, वर भिंगऱ्यांचे थवे]

उन्हाळ्याच्या अखेरीस संध्याकाळी हे असं होतं. मैदानातल्या ओल्या बोरूंमध्ये हजारो भिंगऱ्या रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. लाकूड जपणारं पाणी यांनाही जपतं.

[रूळ, फाटक पडतं, गाडी जाते]

त्या पाण्यावरूनच पुढचे वाद आहेत. जवळून भूमिगत महामार्ग नेला तर भूजल खाली जाईल का, यावर अभ्यासकांनी अनेक वर्षं आक्षेप घेतले. आगगाडीचे रूळ मैदानाबाहेर हलवायचे का, यावरही बोलणी झाली आहेत. १९९८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

[यामातो-साइदाइजी स्थानक, पायी जाणारी माणसं]

नाराला गेलात तर हरणांच्या उद्यानाआधी यामातो-साइदाइजी स्थानकावर उतरा. तिथून पायी पंधरा मिनिटांत मैदान लागतं. संशोधन संस्थेच्या संग्रहालयाला तिकीट नाही, ते सोमवारी बंद असतं. खऱ्या मोक्कान पाहायच्या असतील तर शरद ऋतूत जा, त्यांचं प्रदर्शन तेव्हा भरतं. आणि खोदकामाची जाहीर सभा त्या दिवसांत असेल तर ती चुकवू नका. संशोधक स्वतः खड्ड्याच्या काठावर उभे राहून कुठला डाग कशाचा ते बोटाने दाखवतात. बोलणं जपानीत असतं, पण आलेल्या प्रत्येकाच्या हातात खोदकामाचा नकाशा देतात.